मी, पंडितची मारामारीची पेटी

मी पेटी. पेटी म्हटलं की कुणाला बाजाची आठवते, कुणाला लग्नातली कपड्यांची. मी त्यातली नव्हे. मी मारामारीची पेटी. पोटात तारा, डोक्याला काच, छातीवर दोन दांड्या आणि रंगीत बटणं. फटीतून नाणं टाकलं की माझ्या काचेत दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना बदडतात. बदडून झालं की एकाला मी जिंकला म्हणते, दुसऱ्याला हरला. त्यात माझं कुणाशी वैर नाही.

माझी एक खोड मात्र आधीच सांगते. माझ्यातली माणसं कधी स्वस्थ उभी राहत नाहीत. समोर चिटपाखरू नसलं तरी टाचा उचलून, खांदे हलवून, जागच्या जागी झुलत असतात. आता सुटतील, मग सुटतील असं वाटत राहतं. वीज आहे तोवर मला चैन नाही. म्हणून माझं बोलणंही जरा धावतंपळतं असेल. सांभाळून घ्या.

माझं माहेर कोणतं, ते मला धड सांगता येत नाही. पाट्या मुंबईच्या एका सुताराने ठोकल्या. काच कुणाच्यातरी जुन्या टीव्हीची. तारा जोडायची हिरवी फळी समुद्रापलीकडून आलेली. असा चार घरचा संसार एकत्र करून मला उभी केली आणि फैजपूरच्या एका ट्रकात घातली. तो ट्रक मुंबईत केळी उतरवून रिकामा परत निघाला होता. मला धक्का लागू नये म्हणून ड्रायव्हरने चारी बाजूंनी केळीचा वाळका पाला कोंबला. नवी नवरी कुठे हळदीने पिवळी होते, मी पाल्याच्या चुऱ्याने झाले. हे साल त्र्याण्णवचं.

जळगावात हस्तीमल शेठचं कापडाचं दुकान होतं आणि शेजारी एक मोकळा गाळा. त्यांचा मुलगा निर्मलकुमार याने मला त्या गाळ्यात आणून उभं केलं. शेठ गादीवरून उठून बघायला आले. चष्मा वर केला, खाली केला.

"निर्मल, हे काय आणलंस?"

"गेम आहे, बाबूजी. पोरं खेळतील."

"काय करतात हे दोघं?"

"मारामारी."

"अरे भाई, लोकांनी आपल्याकडे कपडा घ्यायला यायचं का फाडून घ्यायला?"

पण आठवड्याभरात गाळ्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि शेठ गप्प झाले. गप्प म्हणजे काय, दुपारी दुकान रिकामं असलं की हळूच येऊन बघून जायचे. एवढ्या मोठ्या माणसाला बघताना तोंड उघडं राहतं हे कळायचं नाही.

माझ्यात लढणारे पुष्कळ होते. त्यांची खरी नावं परक्या अक्षरांत लिहिलेली, ती कुणाला वाचायची होती? जळगावच्या पोरांनी आपलं बारसं केलं. तोंडातून जाळ सोडायचा तो फुंक्या. केस मोकळे सोडून उड्या मारायची ती झिपरी. आणि एक टकल्या होता, डेऱ्यासारखं पोट आणि मांडीएवढे दंड. त्याला जाळ सोडता येत नव्हता, उडी धड जमत नव्हती. जवळ जाऊन धरणं आणि उचलून आपटणं, एवढंच त्याला ठाऊक. त्याला कुणी घेत नसे. जवळ जाईपर्यंत फुंक्या त्याचा पापड करून टाकायचा.

त्या टकल्याला पंडितने हात दिला.

पंडित भडगावचा. हस्तीमल शेठकडे ठाण उलगडायला आणि घडी घालायला होता. विशी ओलांडलेला, अंगाने वाळक्या काठीसारखा, पण बापाचं नाव मोठं. लोटन पहिलवान म्हटलं की गिरणाकाठची म्हातारी माणसं अजून सरसावून बसतात. पंडितही लहानपणापासून तालमीत घुमलेला. अंगावर मांस चढलं नाही, पण माणूस कधी कलतो, कधी त्याचा तोल पुढे येतो, हे त्याच्या हाताला कळायचं. पहिल्यांदा त्याने माझी दांडी धरली तीच मुळी मनगट धरल्यासारखी. बाकीची पोरं दांडी हिसडतात. यानं ती जात्याच्या खुंट्यासारखी अख्खी गोल फिरवली, आणि टकल्याने फुंक्याला कमरेतून उचलून असा दाणकन आपटला की गाळ्यातली सगळी पोरं माझ्या काचेशी गोळा झाली.

"अरे, हा टकल्या असं पण करतो?"

"टकल्या नाही करत रे," पंडित म्हणाला. "कुस्तीतली ढाक मारली मी."

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. ठाणाची घडी घालतानाही अंगठा फिरत राहायचा. जेवताना पाय हलायचा. माझ्यातल्या माणसांची खोड त्याला लागली, नाहीतर त्याची मला कळली.

निर्मलकुमार व्यापाऱ्याचा मुलगा, त्याने नेमकं हेरलं. म्हणाला, "पंडित, कापड सोड. तू पेटीपाशी उभा राहा. जो येईल त्याच्याशी लढ. हा पगार तुला लढायचा." असा खेळण्याचा पगार घेणारा माणूस जळगावात त्याआधी मी तरी ऐकला नव्हता.

मग जत्रा सुरू झाल्या. मला टेम्पोत चढवायचं, ताडपत्री बांधायची आणि निघायचं. आज चोपडा, तर पुढच्या आठवड्यात अमळनेर, त्यानंतर धुळे. टेम्पो उखर्डूचा. उखर्डू हा भोंग्याशिवाय ओरडणारा माणूस. टेम्पोच्या फळीवर उभा राहून हाळी द्यायचा, "या, या! जळगावचा पंडित पहिलवान! हरवा आणि फुकट खेळा! हरला तर घरी सांगू नका!"

पंडितची लढायची एक तऱ्हा होती, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तो पहिल्यांदा पडायचा. मुद्दाम. समोरच्याने जाळ सोडला की टकल्या सरळ छातीवर घ्यायचा आणि उताणा पडायचा. लोक हसायचे. समोरचा फुगायचा, दोन पावलं पुढे यायचा. आणि तो पुढे आला की टकल्या उठायचा तो थेट त्याच्या गळ्याशी. माझ्या खेळात पडणं म्हणजे हरणं नव्हे. डोक्यावर जी ताकदीची पट्टी असते ती संपली तर हरला. पट्टी आहे तोवर माणूस पडतो, उठतो, पडतो, उठतो. पंडितने पडण्याचीच पायरी केली होती.

लोटन पहिलवानांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. ते पाहायलाच तयार नव्हते. पंडित भडगावला गेला की बापलेकात बोलणं व्हायचं ते म्हशीचं, विहिरीचं, बहिणीच्या घरचं. पेटीचा विषय निघाला की लोटन आबा उठून अंगणात फेऱ्या मारायला लागायचे. आई मधे पडायची. तिचं नाव तानुबाई.

हे सगळं पंडित मला सांगायचा असं नाही, उखर्डूला सांगायचा. पण ऐकायला मी असायचेच.

पंच्याण्णव साली पंडितच्या मामाने दीपनगरला वीजकेंद्रात कोळशाच्या खात्यात त्याच्यासाठी नोकरी पाहिली. लोटन आबांचा निरोप आला नाही, ते स्वतः आले. गाळ्यात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावर उभे राहिले आणि पंडितला बाहेर बोलावलं. भरदार माणूस, कान मुडपलेले, फेट्याखाली पांढरे कल्ले.

"मामानी सांगेल शे. जत्रा व्हयनी का जाय."

"आबा, माझं काम चालू आहे."

"काम? बाहुल्या नाचाडानं काम?"

"कुस्तीच आहे ती. तुम्ही एकदा बघा तरी."

कुस्ती म्हटल्यावर आबांच्या मानेची शीर फुगली. पण मुलाचं तोंड पाहून की काय, थांबले. म्हणाले, "बरं. आवंदा आपला जत्रानी दंगलमा तुनी पेटी लई ये. मी पंच शे. मन्हा डोयासमोर लढ. हारना तं दीपनगर."

"आणि जिंकलो तर?"

"तं मी बठ्ठा गावसमोर तुले पहिलवान म्हनसू."

पंडित आत आला आणि नाणं न टाकताच माझी दांडी गरगर फिरवत राहिला. नोकरीची भीती नव्हती ती. बापाच्या तोंडून तो शब्द ऐकायचा, एवढ्याचसाठी तो दोन वर्षं बोटं झिजवत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

भडगावची जत्रा गिरणेच्या काठी भरायची, आणि जत्रेची दंगल, म्हणजे कुस्त्यांचा फड, हा पंचक्रोशीचा मान. पण अलीकडे कुस्तीला पोरं कमी आणि माझ्यासारख्या पेट्यांपुढे जास्त, म्हणून गावकऱ्यांनीच ठरवलं होतं की शेवटच्या कुस्त्यांआधी एक जोड पेटीवर लावायची. समोर धुळ्याचा बन्सीलाल येणार होता. धुळ्याच्या एका गाळेवाल्याचा पगारी माणूस, फुंक्या घेऊन खेळायचा. दिसायला गोरटेला, केसांना तेल, आणि जीभ तिखट.

"काय रे, जळगावची केळी," त्याने आल्या आल्या सुरुवात केली, "पिकलेली की कच्ची?"

"सोलून बघ," उखर्डू म्हणाला. "साल तुझ्याच पायाखाली येईल."

टेम्पो आखाड्याच्या अगदी काठाला लावला. वीज पाळणेवाल्याच्या जनरेटरवरून घेतली. पण दुपारच्या उन्हात माझ्या काचेत काही दिसेना, म्हणून चार माणसांनी ताडपत्री डोक्यावर धरली. त्या सावलीत मी, दोघे खेळणारे, आणि पंच म्हणून लोटन आबा. बाहेर हजार माणसं आणि त्यांना काही दिसत नाही. त्यांच्यासाठी उखर्डू फळीवर उभा राहून ओरडून सांगणार.

इथे एक चूक झाली. ती कुणी केली म्हणू? पंचाला खेळाचा नियम कुणी सांगितलाच नाही. निर्मलकुमारला वाटलं, बाप आहे, मुलाने सांगितलंच असेल. पंडितला वाटलं, निर्मलभाऊंनी जत्रेच्या कमिटीशी बोलताना सांगितलं असेल. आणि आबांना विचारायची गरजच काय? चाळीस वर्षं कुस्त्यांचे निकाल दिलेला माणूस तो.

डफ वाजला. दोघांनी आखाड्यातली माती उचलून कपाळाला लावली. बन्सीलालने आधी टाळाटाळ केली, मग लोक बघताहेत म्हणून लावली. नाणी पडली. माझ्या काचेत टकल्या आणि फुंक्या झुलू लागले. आबा वाकून, नाक काचेला लागेल इतके जवळ आले. पहिल्यांदाच बघत होते. मला त्यांच्या श्वासाची वाफ लागली.

"बोडखा कोन, आपला?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा," पंडित म्हणाला. त्या 'आपला' शब्दाने तो असा काही फुलला!

बन्सीलालने जाळ सोडला. पंडितने नेहमीसारखा तो छातीवर घेतला. टकल्या उताणा पडला. पाठ, खांदे, डोकं, सगळं जमिनीला. बाहेर उखर्डू ओरडला, "पाडला रे पाडला, आता बघा गंमत..."

आणि लोटन आबांनी बन्सीलालच्या बाजूचा हात वर केला.

"पाठ लागनी! व्हयनी कुस्ती! धुळानी जितनी!"

आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती संपते. डफवाल्याने पंचाचा हात पाहिला आणि बडवायला सुरुवात केली. लोकांनी टोप्या उडवल्या. ताडपत्री धरणाऱ्यांना काय झालं ते कळेना, एकाने टोक सोडून दिलं. निर्मलकुमार ओरडत पुढे आला, "आबा, आबा, अजून पट्टी भरलेली आहे! खेळ चालू आहे!" बन्सीलालसुद्धा खरा निघाला. म्हणाला, "बाबा, मी जिंकलो नाही अजून. यात पडलं तरी उठतात."

आबांनी काचेकडे पाहिलं. टकल्या उठून उभा होता. पंडितने दांडी सोडली होती, बन्सीलालनेही. तरी टकल्या मुठी वळून, टाचा उचलून झुलत होता. समोर फुंक्या झुलत होता. दोघांना कुणी सांगेना की मारा, कुणी सांगेना की थांबा.

"हाऊ तं उठना," आबा पुटपुटले.

पण हात वर झाला होता. हजार माणसांनी पाहिला होता. आबा एका शब्दाने म्हणाले असते की चुकलं, तर कदाचित लोकांनी ऐकलंही असतं. ते म्हणाले नाहीत. मुलाच्या बाजूने निकाल फिरवला, हे लोटन पहिलवानाला कुणी म्हणायला नको होतं. आणि पंडित? त्याने बापाकडे एकदा पाहिलं, बन्सीलालचं मनगट धरलं आणि त्याचा हात स्वतः वर केला. पडलेला पहिलवान करतो तसा. मग टेम्पोतून उतरून आखाड्यातून चालत निघून गेला. आबा तिथेच, अर्ध्या ताडपत्रीखाली. माझ्या काचेतलं डावाचं घड्याळ संपेपर्यंत टकल्याकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक जळगावला आले. पंडितची वळकटी आणि पत्र्याची ट्रंक गाळ्याच्या माळ्यावर होती, ती घेऊन पुढे भुसावळची आणि तिथून दीपनगरची बस धरायची होती. पंडित शिडी चढून माळ्यावर गेला. आबा या वेळी मात्र रस्त्यावर थांबले नाहीत. आत आले. इकडून तिकडे, तिकडून इकडे, गाळ्यात फेऱ्या मारायला लागले. मधेच माझ्यापुढे थांबायचे, मधेच निघायचे. झोपलेले नव्हते, डोळे तांबडे दिसत होते.

"निर्मलशेठ," ते म्हणाले, "एक नाणं टाका बरं."

"तुम्ही खेळता, आबा?"

"टाका म्हनं ना."

नाणं पडलं. आबांनी दांडी धरली ती मानगुटी धरल्यासारखी, मला वाटलं उपटून काढतात. टकल्याच घेतला. समोरून मीच लढवत होते, कुणी दुसरा खेळणारा नसला म्हणजे मला लढवावंच लागतं. मी फुंक्याकडून जाळ सोडला. टकल्या पडला. आबांनी दांडी सोडली आणि स्वतःचाच हात वर केला, दुसऱ्याच्या नावाने. इतक्या वर्षांची सवय!

"धरा, आबा, धरा," निर्मलकुमार म्हणाला. "तो उठला बघा."

आबांनी धरली. पुन्हा पडला. पुन्हा उठला. आबांच्या कपाळावर घाम आला. बटण कुठलं, दांडी कुठली, काही कळत नव्हतं, पण सोडायला तयार नव्हते. शिडीवर पंडित, खांद्यावर वळकटी, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. तसाच थांबलेला.

"कितला येळ उठस रे हाऊ?" आबांनी मागे न बघता विचारलं. पंडित आलाय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"पट्टी सरेपर्यंत, आबा."

पट्टी सरली. काच काळी झाली, मग माझी नेहमीची रंगीत चित्रं फिरायला लागली. आबांनी दांडी सोडली नाही. ती धरूनच म्हणाले,

"धुळाना आखाडामा मन्ही पाठ लागनी व्हती. तू नव्हता तव्हय. मी बी लगेच उठेल व्हतू. पन पंचना हात वर व्हई जायेल व्हता. कोनी देखं नही."

बापाची ती एकच हार अख्ख्या खानदेशाला ठाऊक होती, आणि त्यानंतर आबांनी कुणाकडे जोड मागितली नाही हेही. पण आबांच्या तोंडून ती गोष्ट पंडितने कधी ऐकली नव्हती.

"मग आता, आबा? बस निघून जाईल."

"जाऊ दे." आबा वळले. "कालदिन तू हारना. ते पंचनं सांगनं शे, ते फिरत नही. कोनी इचारं तं मी बी हाईच सांगसू, पंडित हारना म्हनीसन. पन दीपनगर जाय, हाई पंचनी नही सांगं. हाई बापनी सांगं. बापनं सांगनं बापले फिरावता येस."

निर्मलकुमारने तोंड फिरवलं आणि उगाच गल्ल्याची किल्ली शोधायला लागला. पंडित शिडीवरून उतरला. वळकटी खाली ठेवताना ती सुटली आणि अर्ध्या गाळ्यात पसरली. आबा तिच्यावरून पाय टाकून दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि रस्त्यावरून पाठमोरेच म्हणाले, "आनि ते मुद्दाम पडानं सोडी दे. दिखस मले बठ्ठं."

पहिलवान हा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही. तो जिंकल्यावरच उच्चारायचा होता, तसा करार होता. तो उच्चारला दोन वर्षांनी, धुळ्यात, बन्सीलालबरोबरच्या दुसऱ्या जोडीला, आणि इतका मोठ्याने की डफ ऐकू आला नाही.

पंडित पुढे खूप लढला. मुद्दाम पडणं त्याने खरंच सोडलं. सुरतेला गेला, इंदूरला गेला. तिकडच्या मोठ्या गाळ्यांतून बोलावणी यायची, येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण मिळायचं. तिथल्या पेट्या माझ्याहून तरतरीत, त्यांच्यात नवे लढवय्ये, नवे डाव. तो एका गावात फार दिवस टिकत नाही. घरी येतो, आईच्या हातची भाकरी खातो, आणि तिसऱ्या दिवशी पाय हलायला लागतो.

माझं म्हणाल तर माझी काच कडेने हिरवी पडली, एक बटण दाबलं तर दाबलेलंच राहतं. निर्मलकुमारने नव्या पेट्या आणल्या आणि मला काढायचं ठरवलं, तेव्हा पंडितने मला मागून घेतलं. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यापासून मी भडगावला त्यांच्या ओसरीवर आहे. शेजारी कडब्याचा भारा, वर चिमण्यांचं घरटं. तानुबाई रोज माझ्या काचेवरून पदर फिरवते आणि सगळ्याचा दोष मला देत म्हणते, "बठ्ठं तुनामुये व्हयनं, भवाने." पण पुसते मन लावून.

वीज आली की लोटन आबा येतात. वय झालं, गुडघे बोलतात, तरी उभ्यानेच खेळतात. मी एकटी त्यांच्याशी कितीशी लढणार? माझे डाव त्यांना पाठ झालेत. फुंक्या कधी जाळ सोडणार हे माझ्याआधी त्यांना कळतं. मग कंटाळून अंगणात फेऱ्या मारतात, रस्त्याकडे बघतात, कुणी जाणारा दिसला की हाक मारतात, "ये रे भो, एक जोड लावूत." लोक हसून पुढे निघून जातात. सगळ्यांना घाई.

तुम्ही कधी भडगावकडे आलात तर जरा वाट वाकडी करा. पिंपळापलीकडचं तिसरं घर, कुणीही दाखवेल. माझ्या उजव्या बाजूची दांडी मोकळी आहे, ती धरा. म्हातारा आहे म्हणून सोडून खेळू नका, त्यांना ते लगेच कळतं आणि मग शिव्या खाव्या लागतात. जोर लावा. त्यांचा टकल्या उताणा पडेल, पुष्कळदा पडेल.

तेवढ्यावर दांडी सोडून निघू मात्र नका, बाबांनो. थांबा. बघत राहा.